४१ हजारांचं युरोप

शनिवारी रात्री साडेअकराला फोन. या वेळेला येणारे फोन दोनच प्रकारचे असतात. ब्रेकअपचे, नाहीतर विमानाच्या तिकिटांचे. हा दुसऱ्या प्रकारचा होता.

‘अगं, एक्केचाळीस हजार! जाऊन-येऊन! माणशी! तीनच सीट उरल्यात म्हणतोय. करू का स्वाइप?’

‘व्हिसा?’

‘तो काय, होईल ना.’

‘लॅपटॉप बंद कर आणि झोप. उद्या मी तुझ्याकडे जेवायला येते.’

फोनवर होती आमची खारबावकर मॅडम. तिचं खरं आडनाव वेगळं आहे. पण ऑफिसात रुजू झाली त्या दिवशी कुणीतरी ‘खारबाव म्हणजे नक्की कुठे?’ असं विचारलं आणि तिने दहा मिनिटांचं लेक्चर दिलं, तेव्हापासून हेच नाव चिकटलं. ज्यांचं ते लेक्चर हुकलं त्यांच्यासाठी थोडक्यात : वसई रोडहून दिव्याला जाणाऱ्या रेल्वेवर जूचंद्र, कामण रोड आणि मग खारबाव. तालुका भिवंडी. एकीकडे भातशेती, दुसरीकडे गोदामं आणि मधून चिंचोटी-अंजूरफाटा रस्ता. त्यावर कंटेनर जास्त की खड्डे, हा वाद अजून मिटलेला नाही. ट्रेन मोजक्याच. एक चुकली की स्टेशनवर बसून अख्खी कादंबरी वाचून होते.

रविवारी गेले. काकूंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं कालवण केलं होतं, त्यामुळे पहिला अर्धा तास युरोपचा विषयच निघाला नाही. हात धुतल्यावर काकांनीच काढला.

काका म्हणजे मॅडमचे बाबा. तीस-पस्तीस वर्षं भिवंडीत पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की काकांना हाक. तरुणपणी त्यांनी भिवंडीच्या एका थिएटरात राज कपूरचा ‘संगम’ पाहिला. पिक्चर १९६४ चा, काकांनी पाहिला तो नंतर कधीतरी, पुन्हा लागला तेव्हा. त्यातलं व्हेनिस त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. काकूंचं म्हणणं साधं आहे, त्यांना शाहरुख-काजोलवालं स्वित्झर्लंड बघायचंय. मॅडमला पॅरिस. तिने दोन वर्षं रिकरिंग भरून तिघांसाठी चार लाख जमवलेत. आणि काकूंचे गुडघे आहेत, ते काही रिकरिंग भरून थांबत नाहीत. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलंय. जे काही फिरायचं ते त्याआधी, असं घरात ठरलंय.

तर ते एक्केचाळीस हजार.

मी लॅपटॉप उघडायला लावला आणि तिकीट नीट वाचलं. मुंबईहून आखातातलं एक शहर. तिथे अकरा तास थांबायचं. मग दुसऱ्या कंपनीचं विमान, उतरणार मिलानला. येताना पॅरिसहून पूर्व युरोपात, तिथून पुन्हा आखातात, मग मुंबई. अशी तीन कंपन्यांची सुटी सुटी तिकिटं साइटने एकत्र बांधून दाखवली होती, आणि सगळ्यात खाली मुंगीएवढ्या अक्षरात दोन शब्द होते : सेल्फ ट्रान्सफर.

या दोन शब्दांचा अर्थ कळला की स्वस्त तिकिटांचा निम्मा फंडा कळला म्हणून समजा. एकाच तिकिटावर दोन विमानं असतील, तर तुमची बॅग मुंबईत दिली की थेट शेवटच्या मुक्कामाला मिळते. पहिलं विमान लेट होऊन दुसरं चुकलं, तर पुढे पोचवायची जबाबदारी विमान कंपनीची. सेल्फ ट्रान्सफरमध्ये बॅग तुम्हीच पट्ट्यावरून उचलायची, इमिग्रेशनच्या बाहेर यायचं (म्हणजे त्या देशाचा व्हिसा आला), पुन्हा चेक-इन करायचं. पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं सोयरसुतक नाही. त्यांच्या दृष्टीने तुम्ही आलाच नाहीत. तिकीट बुडालं.

‘असं कितीदा होतं?’ मॅडम.

रोज नाही होत. पण २३ जून २०२५ आठवा. त्या रात्री कतारने आपली हवाई हद्द काही तास बंद केली आणि आखातातली विमानं कुठच्या कुठे वळली. ज्यांच्याकडे सलग तिकीट होतं त्यांचेही हाल झाले, पण पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी निदान कुणावर तरी होती. सुटी तिकिटं असती तर ती कुणावरच नसती.

काका इतका वेळ गप्प होते. ते एवढंच म्हणाले, ‘आन् हिला त्या अकरा तासांत कोन फिरवनार?’

खरा प्रश्न हाच होता. काकूंना व्हीलचेअर लागणार. ती विमान कंपनीकडे मागायची असते, पैसे पडत नाहीत, किमान ४८ तास आधी कळवायचं. युरोपीय संघाच्या विमानतळांवर तर अशी मदत मिळणं हा प्रवाशाचा हक्क आहे. सलग तिकीट असेल तर मधल्या विमानतळावरही माणूस दारात उभा असतो आणि पुढच्या गेटपर्यंत नेतो. सुट्या तिकिटांत पहिल्या कंपनीचं काम पहिल्या शहरात संपलं. पुढे काकू, तीन बॅगा आणि अकरा तास.

मग काकांनी भिंतीवरचं गेल्या महिन्याचं कालनिर्णयचं पान फाडलं, उलटं केलं आणि पेन माझ्या हातात दिलं. जॉबरची सवय, हिशोब कागदावर दिसला पाहिजे.

माणशी ४१,००० लिहिले. त्याखाली सामान. या सुट्या तिकिटांत फुकट होती ती फक्त सीटखाली मावेल एवढी पिशवी. पाचही टप्प्यांना २० किलोची बॅग धरली तर ९,५००. मधल्या शहराचा व्हिसा आणि अकरा तासांचं खाणंपिणं, ५,५००. मग विमानतळ. ‘मिलान’ म्हणून जो विमानतळ लिहिला होता तो होता बेर्गामो, मिलानपासून साधारण ५० किलोमीटर. तिथून व्हेनिस गाठायचे २,५००. परतीचा ‘पॅरिस’ निघाला बोव्हे, तिथवर बसचे १,८००. साइटची कन्व्हिनियन्स फी आणि परदेशी चलनात पैसे कापल्यावर कार्डवाले लावतात तो मार्कअप मिळून १,२००. बेरीज ६१,५००.

या विमानतळांच्या नावांबद्दल जरा बोलायलाच हवं. बोव्हे पॅरिसपासून ८५ किलोमीटरच्या आसपास आहे. सीएसएमटीपासून आपलं नेरळ तेवढंच. फ्रँकफर्ट-हान नावाचा विमानतळ फ्रँकफर्टपासून १२० किलोमीटरवर आहे, म्हणजे कसारा! उद्या कुणी कसाऱ्याला उतरवून ‘वेलकम टू मुंबई’ म्हणालं तर? खारबावच्या पोरीने तरी यात फसू नये. तिच्या गावापासून चार मैलांवरच्या टॉवरच्या जाहिराती ‘मुंबईपासून काही मिनिटांवर’ असंच म्हणत असतात.

त्याच कागदावर मी दुसरा रकाना आखला. एकच कंपनी, आखातामार्गे, मधे साडेतीन तास, २५ किलो सामान आणि जेवण धरून. जाताना मुंबई ते व्हेनिस, येताना पॅरिस ते मुंबई. त्या दुपारी स्क्रीनवर दिसत होते ५८,५००.

‘पण हे जाण्याचं एक शहर आणि येण्याचं दुसरं. दोन वन-वे महाग नाही पडत?’

वन-वे घेतलेस तर पडतात, बऱ्याचदा भयंकर पडतात. म्हणून वन-वे घ्यायचेच नाहीत. सर्चमध्ये ‘मल्टी-सिटी’ असा एक पर्याय असतो, ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. त्यात जाणं व्हेनिसला आणि येणं पॅरिसहून टाकलं की कंपनी ते रिटर्न तिकीट म्हणूनच धरते. परत व्हेनिसला जायचा ट्रेनचा खर्च वाचतो आणि एक दिवस वाचतो. दहा दिवसांच्या सुट्टीत एक दिवस म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्यांनी लीव्ह अप्रूव्ह करून घेण्यासाठी बॉसला वाढदिवसाचा केक भरवलाय त्यांना सांगायला नको.

लंडन हवं असेल त्यांच्यासाठी एक पुरवणी. तिथला व्हिसा वेगळा, शेंगेनवर चालत नाही. आणि ब्रिटनमधून उडताना सरकार प्रवासी कर लावतं. भारताच्या अंतराला तो एप्रिल २०२५ मध्ये इकॉनॉमीसाठी ९० पौंड झाला. त्यामुळे दोन्ही व्हिसा असतील तर लंडन आधी आणि परतीचं विमान दुसऱ्या देशातून.

आता ‘तीनच सीट उरल्यात’चं. अख्ख्या विमानात तीन सीट उरल्या, असा त्याचा अर्थ क्वचितच असतो. एकाच इकॉनॉमीच्या सीट विमान कंपनी आठ-दहा वेगवेगळ्या दरांत विकते. स्वस्त दराच्या सीट संपल्या की पुढचा दर उघडतो. स्वस्तातल्या दोनच उरल्या असतील आणि तुम्ही तिघांसाठी शोधलंत, तर पुष्कळदा तिघांनाही वरचा दर दिसतो. म्हणून आधी एका माणसासाठी शोधून बघावं. मॅडमने बघितलं, फरक नव्हता. असता तरी काकूंचं तिकीट वेगळ्या बुकिंगवर काढायचा सल्ला मी दिला नसता. विमान रद्द झालं तर दोघांना एकीकडे आणि तिसऱ्याला भलतीकडे बसवायला कंपनी मोकळी.

मंगळवारी मध्यरात्री बुक करा, इन्कॉग्निटोमध्ये बघा, कुकीज उडवा... ऑफिसच्या कँटीनमध्ये हे ज्ञान वाटणारा एक तरी असतोच. मी हे सगळं करून पाहिलंय. फरक पडला तो फक्त झोपेत. खरा फरक पडतो तारखांनी. गूगल फ्लाइट्स किंवा स्कायस्कॅनरवर महिन्याचं कॅलेंडर उघडा आणि नुसती नजर फिरवा. शाळांना सुट्ट्या लागल्यापासून जूनपर्यंत भाव चढलेले, ख्रिसमसला पुन्हा चढलेले. आपल्यापैकी ज्यांच्या घरी शाळेत जाणारी मुलं नाहीत तेसुद्धा मे महिन्यातच युरोपला का जातात, हे कोडं मला सुटलेलं नाही.

खारबावकरांना मे नकोच होता. काकांची अट होती, कापणीच्या आत परत. थोडी का होईना, घरची भातशेती आहे. गौरी-गणपती उरकल्याशिवाय काकू उंबरा ओलांडणार नाहीत. उरला सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरची सुरुवात. हवा बरी, गर्दी ओसरलेली, भाव मे महिन्यापेक्षा पुष्कळ खाली. काकूंनी कालनिर्णय चाळलं आणि म्हणाल्या, ‘अगो, हा तर पितृपक्ष.’

काका म्हणाले, ‘पितर आपलेच ना? ते काय इमान अडवनार हायत?’

काकू हसल्या नाहीत. पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

राहिला व्हिसा, आणि इथे माझा आवाज जरा चढला. शेंगेन व्हिसाला विमानाचं रिझर्व्हेशन दाखवावं लागतं. पैसे भरून पक्कं केलेलं, परत न मिळणारं तिकीट काढा असं कुणी म्हणत नाही. उलट व्हिसा हातात येईपर्यंत ते काढू नका, असंच वकिलाती सांगतात. मॅडमचं एक्केचाळीस हजारांचं तिकीट होतं नॉन-रिफंडेबल. तिघांचे मिळून सव्वा लाख, म्हणजे रिकरिंगच्या पैशांचा जवळजवळ तिसरा हिस्सा, एका ‘होईल ना’वर!

माझं स्वतःचं सांगते. काही वर्षांपूर्वी मीही असंच एका साइटवरून घाईघाईत तिकीट काढलं होतं. साइटचं नाव घेत नाही. व्हिसा उशिरा आला, तिकीट रद्द करावं लागलं. साइट म्हणे विमान कंपनीला विचारा, विमान कंपनी म्हणे साइटला विचारा. टॅक्सचे पैसे तेवढे परत मिळाले, तेही पाच महिन्यांनी. तेव्हापासून दोन-तीनशे रुपये जास्त गेले तरी चालतील, मी शोधते साइटवर आणि तिकीट काढते थेट विमान कंपनीकडून.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. त्या १५ दिवसांच्या भरवशावर राहू नका. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंत लांबू शकतात. शिवाय सुट्ट्यांच्या तोंडावर अपॉइंटमेंटच मिळत नाही. फी जून २०२४ पासून ९० युरो झालीय, म्हणजे माणशी नऊ हजारांच्या वर, सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. किमान ३०,००० युरो कव्हरचा प्रवास विमा लागतो. आणि अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? विमान उतरतं त्या देशाकडे, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. जिथे सगळ्यात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. रात्री सारख्याच असतील तर जिथून आत शिरणार तिथे. खारबावकरांच्या इटलीत तीन, स्वित्झर्लंडमध्ये चार, पॅरिसमध्ये तीन. म्हणजे उतरणार व्हेनिसला, पण अर्ज स्वित्झर्लंडकडे. काकूंचा एका रात्रीने विजय.

एक कामाची गोष्ट अजून. युरोपीय संघाचा २००४ चा एक नियम आहे, क्रमांक २६१. तिथल्या विमानतळावरून निघणारं विमान कुठल्याही कंपनीचं असो, तीन तास किंवा त्याहून उशिरा पोचलं आणि चूक कंपनीची असेल, तर लांबच्या प्रवासाला माणशी ६०० युरोपर्यंत भरपाई मिळते. वादळ, युद्ध असलं काही असेल तर नाही. मुंबईहून जाताना मात्र हा नियम फक्त युरोपीय कंपन्यांना लागू. पॅरिसहून निघून सलग तिकिटावर मुंबईला तीन तास उशिरा पोचलात, तर मधे आखातात विमान बदललं असलं तरी दावा करता येतो. सुट्या तिकिटांत प्रत्येक तुकड्याचा हिशोब वेगळा, त्यामुळे हाती फारसं काही लागत नाही. घरी आल्यावर जेट लॅगमध्ये झोपून जाऊ नका. बोर्डिंग पास जपून ठेवा आणि अर्ज टाका.

एवढं सगळं होईस्तोवर चार वाजले. मॅडमने लॅपटॉप मिटला. चेहरा पडला होता, खोटं कशाला बोलू. एक्केचाळीस हजारांची नशा उतरायला वेळ लागतो.

मधले दोन महिने तिने मला वैताग आणला. भाडं उतरलं की स्क्रीनशॉट, चढलं की शिव्या. व्हिसे आले, तिघांचेही. ज्या दिवशी पासपोर्ट हातात पडले त्या दिवशी तेच व्हेनिस-पॅरिस तिकीट ६१,२०० ला होतं. ‘तुझ्यामुळे माणशी सत्तावीसशे गेले,’ ती म्हणाली. खरंय. गेले. व्हिसा अडला असता तर सव्वा लाख गेले असते, हे मी बोलून दाखवलं नाही. कालनिर्णयच्या पानाची आठवण मात्र काकांनीच करून दिली, ‘६१,५०० लिवलंवतं ना? तीनशे रुपये कमीच हायत.’

मग सामान. काकूंना तूप न्यायचं होतं. नाही चालत. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. फळांत केळी, अननस, नारळ, खजूर, ड्युरियन सोडून बाकीच्यांना सरकारी प्रमाणपत्र लागतं. मासळी मात्र चालते, माणशी २० किलोपर्यंत! हे ऐकल्यावर काकूंचा युरोपबद्दलचा आदर एकदम वाढला. सुकट आणि जवळा पाच पदरी प्लास्टिकमध्ये बांधून तयार आहे. स्विस हॉटेलवाल्याची मला काळजी वाटते.

विमान सहारच्या टी-टूवरून, पहाटे सव्वाचारला. काकांचं म्हणणं पडलं की नवी मुंबईचा विमानतळ झालाय ना, मग तिथून का नाही? ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, डिसेंबरात विमानं उडायला लागली, आणि खारबावहून आपली गाडी थेट पनवेलला जाते! मुद्दा बिनतोड होता. पण तिकीट सहारचं निघालंय, आणि त्या वेळेला खारबावला कुठलीच ट्रेन नाही. म्हणून रात्री दहालाच गाडी करून निघायचं. विमान चुकणार असेल तर ते व्हेनिसमध्ये चुकू दे, अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये नको.

पैसे भरायच्या शेवटच्या पानावर मॅडमचं बोट माउसवर होतं. मागून काकांनी विचारलं, ‘माजी शीट खिडकीची ना?’

सीट निवडायचे पैसे वेगळे पडतात. मॅडमने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं. तिने मुकाट्याने मागचं पान उघडलं आणि खिडकीवर क्लिक केलं.